कानातले खण

सदर व्यक्ती स्त्री, विवाहित. वय पन्नाशीच्या आसपास (जन्मतारखेचे दोन दाखले सादर; दोन्ही ग्राह्य). हुद्दा: माल वेचक, श्रेणी एक. ओळखीची खूण: डाव्या कानामागे हेडफोनच्या पट्टीचा घट्टा. स्थानिक भाषेचे ज्ञान: समाधानकारक. संभाषणाबाबत तक्रारी: निरंक. शेरा: कामात जलद, बोलणे मोजके.

ही नोंद एका गोदामाच्या दप्तरातली आहे आणि दप्तरातल्या बहुतेक नोंदींसारखीच ती खोटी नाही. तक्रारी निरंक होत्या हे खरंच. तक्रार करायला कुणीतरी आधी तिच्याशी बोलावं लागतं.

घरात तिला भिंगरी म्हणतात. नाव वडिलांनी ठेवलेलं. पोर चालायला लागली ती थांबलीच नाही म्हणून. पुढे लग्न झालं, नवऱ्याच्या नोकरीपायी परक्या मुलखात येऊन राहिली, लेक मोठी झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी नाव टिकलं. गोदामातली नोकरीही नावाला साजेशी मिळाली. मैदानाएवढ्या छपराखाली लोखंडी मांडण्या, मांडण्यांमधून गल्ल्या, गल्लीच्या दोन्ही बाजूंना खण, आणि खणांत नळ, वॉशर, कड्या, बिजागऱ्या. माणसाच्या घरात जे जे गळतं, निखळतं आणि करकरतं त्या सगळ्यावरचा इलाज तिथे रचून ठेवलेला. कानात यंत्र. यंत्रातली बाई सांगणार, अमुक गल्ली, अमुक खण. आपण तिथे जायचं, खणावर चिकटवलेला आकडा मोठ्यानं वाचायचा. योग्य जागी आल्याची बाईची खात्री पटली की ती किती नग ते सांगते. उचलायचे, गाडीत टाकायचे, ‘झालं’ म्हणायचं. की पुढची गल्ली.

भिंगरी त्या यंत्राला ‘कानातलं’ म्हणायची. लग्नातली कानातली लॉकरमध्ये होती. वापरात हे एकच.

ह्या कानातल्यावर तिचा जीव होता, आणि तो का होता हे समजायला तिच्याबरोबर एकदा पावाच्या दुकानात जायला हवं. ती काय हवं ते सांगते. व्याकरण चोख. समोरची मुलगी कपाळाला आठी घालते, मान जराशी पुढे काढते आणि म्हणते, “काय?” भिंगरी पुन्हा सांगते. मुलगी मग भिंगरीच्या खांद्यावरून मागे बघते, नवऱ्याकडे नाहीतर लेकीकडे. जणू भिंगरी ही भाषांतर होऊन मिळायची वस्तू आहे. दवाखान्यात तेच, बसमध्ये तेच, लेकीच्या शाळेत तर लेकच शिक्षकांनी केलेल्या स्वतःबद्दलच्या तक्रारी आईला भाषांतरित करून सांगायची, आणि त्या कमालीच्या सौम्य होऊन पोचायच्या. ह्या सगळ्या शहरात एकच ऐकणारं असं होतं की ज्यानं तिला कधी ‘काय?’ म्हटलं नव्हतं. ते कानात होतं.

यंत्राच्या ह्या सौजन्यामागचं कारण साधं होतं. नोकरीवर घेताना प्रत्येकाला एका खोलीत बसवून आकडे बोलायला लावत, आणि यंत्र त्या माणसाचा आवाज जसा असेल तसा शिकून घेई. आता इथल्या भाषेत सहा आणि नऊ ह्या आकड्यांचे शब्द जुळ्या भावांसारखे आहेत. पुढचं-मागचं व्यंजन तेच, फरक मधल्या एका स्वराचा. सहाच्या पोटात आपला साधा ‘ऊ’. नऊच्या पोटात ओठ ‘ऊ’चे, पण जीभ कुठेतरी भलतीकडेच. ओठ दोन्ही वेळा सारखेच गोल, त्यामुळे तोंडाकडे बघून काही उमगत नाही. भिंगरीला दोन्ही शब्द एकच ऐकू यायचे. पण आकडे दोन आहेत एवढं तर तिला माहीत होतं, म्हणून तिनं त्या खोलीत बसून स्वतःपुरती तोड काढली: सहा आखूड म्हणायचा, नऊ लांब. शाळेत ऱ्हस्व-दीर्घापायी तिचे मार्क जायचे. इथे त्याच ऱ्हस्व-दीर्घावर तिनं संसार चालवला. यंत्रानं निमूट दोन्ही शिकून घेतले. यंत्रातली बाई स्वतः नऊ म्हणताना शेवटी बारीकसा श्वास सोडायची, ती खूण भिंगरीनं पकडली. असा दोघींचा अकरा वर्षं संसार झाला. भाषा कुणी शिकायची, ह्या प्रश्नाचा निकाल यंत्रानं शिकायची असा लागला होता.

मग गोदामानं नवं यंत्र घेतलं. त्याची थोरवी अशी की त्याला कुणाचा आवाज शिकवावा लागत नाही. ते सर्वांचं ऐकतं. सर्वांचं ऐकणाऱ्यांच्या बाबतीत ‘सर्व’ म्हणजे कोण हे बहुधा आधीच ठरलेलं असतं.

पहिल्याच सकाळी, नळांच्या गल्लीत, खणावर नऊ. भिंगरीनं आपला लांब नऊ म्हटला. कानात अनोळखी पुरुषी आवाज आला: “चूक. पुन्हा सांगा.” तिनं आणखी लांबवला. “चूक. पुन्हा सांगा.” दुपारपर्यंत तो स्वर तिनं इतका ताणला की पलीकडच्या गल्लीतला माणूस कुणाला लागलं-बिगलं का ते बघायला आला.

मुकादम सज्जन होता. म्हणजे वाईट बातमी समोरच्याला खुर्ची देऊन सांगायचा.

“महिनाअखेरीस चाचणी आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांनाच. यंत्राला तुमचे आकडे कळले तर आहात तिथे राहाल. नाही कळले तर परतीच्या खिडकीवर. बसून काम. गुडघ्यांना बरं पडेल.”

परतीची खिडकी म्हणजे खराब निघालेला माल घेऊन माणसं येतात ती जागा. गळका नळ हातात, पावती हरवलेली, डोकं तापलेलं. दिवसभर माणसं, आणि प्रत्येकाच्या कपाळावर ती आठी. गुडघ्यांचं मुकादमाला खरंच वाटत होतं. भिंगरी खुर्चीतून उठली, मान हलवून ‘बरं’ म्हणाली, आणि हे ‘बरं’ मात्र त्याला लगेच कळलं.

घरी तिनं भाजी चिरता चिरता सांगितलं, “अहो, मला खिडकीवर टाकतायत.”

“बसून काम आहे ना? मग तोंड कशाला पाडतेस? माझी कंबर धरलीय तरी मला कुणी खिडकी देत नाही.”

“तिथे लोकांशी बोलावं लागतं.”

नवरा बस-डेपोत वायरिंगचं काम करायचा. बिघाड कुठे आहे हे त्याला लगेच कळायचं. पण उपाय सुचवताना मात्र त्याच्याकडे एकच होता: दाब वाढवणे.

“जोरात म्हण बघू.”

तिनं म्हटलं.

“अजून जोरात.”

वरच्या मजल्यावरून कुणीतरी जमीन ठोकली.

“बाबा, यंत्र बहिरं नाहीये,” लेक आतून आली. तिनं दोन्ही आकडे म्हणून दाखवले. ती ह्या मुलखात आली तेव्हा दुधाचे दात होते. तिला हे कधी कुणी शिकवलंच नव्हतं. “हा सहा, हा नऊ. कळलं?”

“दोन्हीदा तेच तर म्हणालीस.”

“आई! केवढा फरक आहे!”

“कुठे आहे?”

लेकीनं पुन्हा म्हटलं. पुन्हा, हळू. भिंगरी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, हातात अर्धा दुधीभोपळा. शेवटी लेकीचा आवाज खाली आला. “आई, तुला म्हणता येत नाही असं नाहीये गं. तुला ऐकूच येत नाहीये.”

हे खरं होतं, आणि वाईट एवढंच की ते कानाच्या डॉक्टरला सांगून उपयोग नव्हता. तान्ह्या मुलाचा कान सगळ्या मुलखांचे आवाज निवडू शकतो. मग घरात जी भाषा बोलली जाते तिच्या मापाचे खण तो कान वर्षभरात बांधून घेतो आणि बाकीची जागा बंद करतो. तेवढ्यावर माणसाचा जन्म जातो, तक्रार नसते. पुढे मोठेपणी परका आवाज आला की कान त्याला जवळच्या खणात ढकलतो. नवा माल आला आहे हे दारावर कळतच नाही. भिंगरीला हे कुणी समजावलं असतं तर पटकन कळलं असतं, तिचा जन्म खणांतच चालला होता. पण समजणं आणि ऐकू येणं ह्यांचे खण वेगळे.

रविवारी नणंद आली. वन्सं ह्या मुलखात भिंगरीच्या कितीतरी आधी आलेल्या, तरण्याताठ्या वयात, आणि इथल्या भाषेत दुकानदाराला हुज्जतीत चीत करायच्या. साऱ्या गोतात त्यांच्या भाषेचा दबदबा होता.

“इकडे बघ माझ्याकडे. ओठ असे. नऊ.”

“नऊ,” भिंगरी म्हणाली.

“आलं की! उगाच बाऊ करतेस. आमच्या वेळी तर कुणी शिकवायलाही नव्हतं.”

सोमवारी यंत्रानं वन्संचा नऊ नाकारला.

त्या दुपारी जेवणाच्या खोलीत फोर्कलिफ्ट चालवणारा तिच्यासमोर येऊन बसला. अंगानं एवढा की सगळे त्याला डोंगर म्हणत, आणि तो फोर्कलिफ्टमध्ये बसला की नेमकं कोण कुणाला उचलतंय असा प्रश्न पडे. इथलाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

“सकाळी गल्लीत गात होतीस ती तू?” त्यानं विचारलं.

भिंगरीनं बोटांनी नऊ दाखवले आणि कानाकडे हात करून मान हलवली. डोंगरनं दोन्ही आकडे म्हटले. “आता एक म्हणतो. कुठला ते सांग.” त्यानं म्हटला. तिनं सांगितला. चुकला. पुन्हा. पुन्हा चुकला. टेबलाभोवतीचे हसायला लागले.

“हरलीस,” डोंगर म्हणाला. “माझा कप धू.”

तो थट्टेत म्हणाला होता. भिंगरीनं त्याचा कप उचलला, मोरीवर नेऊन घासून-पुसून आणला, त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, “पुन्हा.”

आजवर हा शब्द लोक तिला म्हणत आले होते.

तिथून प्रथाच पडली. जेवण झालं की भिंगरी पाठ करून बसे. मागून एक आकडा येई. सहा वाटला तर डावा हात वर, नऊ वाटला तर उजवा. चुकली की ज्यानं म्हटलं त्याचा कप तिच्या पदरी. पहिल्या काही दिवसांत खोलीतला एकही कप उष्टा राहिला नाही. पॅकिंगवाली म्हणाली, हिला अजून दोन स्वर शिकवा, खिडक्याही पुसून निघतील. पण दुसऱ्या आठवड्यात काहीतरी हललं. डोंगर नऊ म्हणाला की त्याच्या त्या रांजणातल्या आवाजात काहीतरी धारदार चमकून जाई, आणि भिंगरीचा उजवा हात तिला विचारल्याशिवायच वर जाई. बरोबर. बरोबर. सलग बरोबर. डोंगरला आपला कप आपणच धुवायला लागला, आणि तो अशा चेहऱ्यानं धुवायचा की जणू पोटच्या पोरीनं बक्षीस मिळवलंय.

मग पॅकिंगवाली म्हणाली, “आता मी.” तिचा आवाज बारीक, शिट्टीसारखा. भिंगरीनं आत्मविश्वासानं हात वर केला, आणि चुकली. पुन्हा चुकली. सगळं जिथल्या तिथे. ती डोंगर शिकली होती, नऊ नव्हे. तशीच ती पूर्वी जुन्या कानातल्यातली बाई शिकली होती.

“हिला एका माणसाचं ऐकायची खोड आहे,” पॅकिंगवाली म्हणाली. “बायको म्हणून चांगली आहे. पण इथे सगळ्यांचं ऐकायला लागेल.”

आणि खरंच सगळे कामाला लागले. सर्दी झालेला कारकून, तोंडात घास असलेला सुतार, फोनवर बोलता बोलता मध्येच एक आकडा फेकून जाणारी हिशेबनीस, कुजबुजणारा पहारेकरी, एकदा स्वतः मुकादम, ज्यानं आकडा म्हणताना टाय सारखा केला. प्रत्येकाचा नऊ वेगळा. कुणाचा नाकातून, कुणाचा अर्धवट, कुणाचा म्हातारा. आणि ह्या सगळ्या नऊंमध्ये सारखं असं काय उरतं, ते कुणी सांगू शकत नव्हतं, विचारलं की म्हणायचे, “हे काय, नऊ!” रोज जिने चढणाऱ्याला कुठला स्नायू वापरतोस विचारावं तसं. पण उरतं काहीतरी, आणि कान त्या उरलेल्याभोवती हळूहळू खण बांधतो. धुवायचे कप कमी होत गेले. एका दुपारी एकच उरला, पहारेकऱ्याचा, आणि त्याबद्दल खोलीत दोन मतं पडली; तो नीट म्हणालाच नाही असं बहुमत होतं.

आता तिला ऐकू येत होतं. त्यामुळे प्रथमच तिला स्वतःचंही ऐकू आलं. अज्ञानात सुख असतं म्हणतात. ते किती होतं हे ते संपल्यावर मोजता येतं. आखूड सहा आणि लांब नऊ: दोन्ही चक्क सहाच होते. ती कितीतरी वर्षं सगळ्या शहराला सहा आणि सहाऽऽ सांगत आली होती. आणि आता कळत असूनही जीभ वळत नव्हती. चाचणी उद्यावर आली.

त्या दुपारी मोरीवरच्या खिडकीत एक जुना कप होता, कुणाचा कोण जाणे, आठवडाभर विसरलेला. भिंगरीनं तो उचलून आत बघितलं. तळाशी हिरवी लव उगवली होती. आयुष्यात ज्या आवाजासाठी तिला कधी कुणाकडून शिकावं लागलं नव्हतं तो तिच्या तोंडून निघाला: “ईऽऽऽ!” आणि वास नाकात गेला तसे तिचे ओठ आपोआप आवळून गोल झाले, जीभ मात्र किळस धरून जागच्या जागी राहिली.

मागे टेबलाशी पॅकिंगवालीनं घास खाली ठेवला. “काय म्हणालीस?”

ह्या वेळी कपाळावर आठी नव्हती.

भिंगरीनं कपात पुन्हा बघितलं. “ईऽऽ,” आणि ओठ गोल. ई तिथेच ठेवायची, हलू द्यायची नाही, ओठ तेवढे पुढे. तिला स्वतःलाच ऐकू आलं. त्याच्या पुढे-मागे व्यंजनं लावून तिनं हळूच म्हटलं, “नऊ.” डोंगर उठून उभा राहिला, त्यामुळे खोलीत जरा अंधार झाला.

“पुन्हा,” तो म्हणाला, आणि तिनं पुन्हा म्हटलं.

तो कप कुणीही धुवायचा नाही असं ठरलं. उद्या सकाळपर्यंत लागेल.

संध्याकाळी वन्सं चौकशीला आल्या. “काय मग, मी सांगितलं तसं म्हणतेस ना? ओठ असे. नऊ.”

भिंगरीच्या हातातली पळी क्षणभर थांबली. वन्संचा नऊ तिनं प्रथमच ऐकला. तो सहा होता. ऐटबाज, ठसठशीत, दुकानदारांना चीत करणारा सहा. लेकीनं आईकडे बघितलं. तिला हे आधीपासून माहीत असणार, पोरं काय काय पोटात ठेवतात.

“तुमचं ऐकूनच जमलं हो, वन्सं,” भिंगरी म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

चाचणी सकाळी झाली, त्याच खोलीत जिथे तिनं पहिल्यांदा आवाज दिला होता. मुकादम भिंतीशी उभा, यंत्रं बघणारा तंत्रज्ञ पडद्याशी. आकडे येत गेले. नऊ आला तेव्हा भिंगरीनं डोळे मिटले आणि तोंडावर अशी किळस आणली की मुकादमानं दचकून स्वतःच्या शर्टाकडे बघितलं. “नऊ.” कानातला पुरुष म्हणाला, “बरोबर.” पुन्हा नऊ. “बरोबर.” मध्ये सहा. “बरोबर.” शेवटी पडदा हिरवा झाला. मुकादमानं तिच्याशी हस्तांदोलन केलं, आणि गुडघे सांभाळा म्हणाला.

ती उठणार इतक्यात तंत्रज्ञ म्हणाला, “जुनी आवाजाची फाईल पुसून टाकायची आहे. नियम आहे. पुसू?”

“आधी ऐकव,” ती म्हणाली. त्याला कळलं.

त्यानं लावली. खोलीत अकरा वर्षांनी तरुण, घाबरलेल्या बाईचा आवाज आला. प्रत्येक आकडा परीक्षेत म्हणावा तसा, एका श्वासात. पाच. सहा. सात. आठ. मग जरा थांबून, मनाचा हिय्या करून, लांब: सहाऽऽ. पुन्हा: सहाऽऽ. भिंगरी ऐकत होती. त्या बाईला आपण काय म्हणतोय ह्याचा पत्ताच नव्हता, आणि ती किती झटून वेगळं म्हणायला बघत होती तेही स्वच्छ ऐकू येत होतं. इतकी वर्षं यंत्रानं हे ऐकलं आणि तिला एका शब्दानं सांगितलं नाही. ह्याला तिनं समजूतदारपणा म्हटलं होतं.

“हिला काही येत नव्हतं,” ती शेवटी तंत्रज्ञाला म्हणाली. मग उठता उठता, “काम मात्र चोख करायची.”

“पुसू ना?”

“पूस.”

दप्तरात आता पुढील नोंद वाढवण्यात आली आहे: सदर कर्मचाऱ्यास स्थानिक भाषेतील ध्वनींचे विशेष प्रशिक्षण देण्यात आले. कालावधी: एक महिना. निष्पत्ती: मानक उच्चार साध्य. प्रशिक्षणासाठी आवश्यक ती सर्व साधनसामग्री आस्थापनेने पुरवली.

आस्थापनेनं पुरवला होता तो भांड्यांचा साबण.